सुरईतला थंड चहा

१

हॉरेस क्रिचलीने सुरईचं काचेचं बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"व्हिस्की," तो म्हणाला. "खरी व्हिस्की! माझ्या थिएटरात, माझ्या रंगमंचावर!"

पडदा नुकताच पडला होता, तोही नाटक अर्ध्यावर असताना. पलीकडून लोकांची कुजबुज येत होती आणि कपबशा वाजत होत्या. बुधवारच्या दुपारच्या खेळाला थॉर्नसीच्या म्हाताऱ्या बायका चहाचा ट्रे मांडीवर घेऊन बसतात. नाटक पडलं तरी त्यांच्या हातातला केक पडत नाही.

अलीकडे, नाटकातल्या न्यायाधीशाच्या खुर्चीत अँब्रोज पेल मान खाली घालून बसला होता. शेजारच्या टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये ती सुरई आणि दोन रिकामे ग्लास. रंगमंचावर कुणी खरी दारू पीत नाही. बिनदुधाचा चहा गार करून सुरईत भरला की लांबून तो व्हिस्कीसारखाच दिसतो. शतकभर सगळी थिएटरं याच चहावर झिंगत आली आहेत.

अँब्रोजच्या बाबतीत तर चहाच हवा होता. पोरसवदा वयात याच क्राउन थिएटरात तो दर आठवड्याला नवं नाटक करायचा. संध्याकाळी एक करायचं, सकाळी दुसऱ्याची तालीम, रात्री तिसरं पाठ. त्याच्यासारखी स्मरणशक्ती किनाऱ्यावर कुणाची नव्हती. मग लंडन झालं, सिनेमा झाला. बुडत्या जहाजाच्या कप्तानाचं त्याचं काम पाहून देशभरातल्या बायका रडल्या. मग दारू आली आणि होतं नव्हतं ते घेऊन गेली. ती त्याने सोडली त्याला आता जमाना लोटला होता, आणि म्हातारपणी तो आपल्या जुन्या थिएटरात परतला होता. शनिवारी लंडनहून सिनेमावाले त्याला पाहायला येणार होते. मोठं काम होतं, बहुतेक शेवटचं.

आणि आज दुसऱ्या अंकात ग्लास रिकामा केल्यावर त्याने एकच वाक्य तीनदा म्हटलं, उठला, झोकांड्या खात टेबलावर आपटला आणि या खुर्चीत कोसळला.

"कुणीतरी मुद्दाम केलंय हे," क्रिचली ओरडला. "सोडलेल्या माणसाच्या घशात ओतलीय! सुरई कोण भरतं? डोरिस!"

डोरिस स्पिंक पाण्याचा पेला घेऊन विंगेत उभी होती. नाटकातल्या सगळ्या सामानाची जबाबदारी तिची. 

"मी चहाच भरला होता, साहेब. देवाशपथ."

"उद्या दुपारच्या चहापर्यंत मला नाव हवंय. नाही मिळालं, तर तुझं नाव आहेच. मग गाठोडं बांध."

विनिफ्रेड गार्थ पुढे झाली. नाटकात ती अँब्रोजची बायको होती आणि त्याआधी कितीतरी नाटकांत त्याची बहीण, प्रेयसी, सासू होऊन गेली होती.

"हॉरेस, आवाज खाली. समोरच्या रांगेला सगळं ऐकू जातंय, आणि त्यांनी तिकिटं याची काढलेली नाहीत."

"मग तूच शोध की! टीव्हीवर पाद्र्याची बहीण होऊन चोर पकडत होतीस ना? लावा डोकं, मिस पार्फिट."

विनिफ्रेडने अँब्रोजला दंडाला धरून त्याच्या खोलीत नेलं. आरशापुढे बसवून त्याची खोटी मिशी काढायला घेतली, पण मिशी हलेना. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ती पुन्हा पुन्हा चोळत राहिली. खोलीभर स्पिरिटचा वास झाला. ओठावरची कातडी लाल झाली तेव्हा कुठे ती सुटली.

"दुखलं का रे?"

अँब्रोजने तोंड फिरवलं. "विनी, मला घरी जाऊ दे."

रात्रीच्या खेळाला न्यायाधीश झाला नाटकातला डॉक्टर, लायनेल थ्रिप. डॉक्टरची वाक्यं क्रिचलीने वहीतून वाचली, आणि लोकांनी लायनेलला टाळ्या दिल्या.

२

गुरुवारी सकाळी डोरिस सामानाच्या खोलीत कागदी फुलं झटकत होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"बस गं इथे," विनिफ्रेड म्हणाली. "चहा कर. तुझ्या हातचा. आणि मला सगळं सांग."

"काय सांगू, मिस विनी? नवरा गेल्यापासून हीच खोली माझं घर. बाहेर काढलं तर या वयात मी काय, समुद्रावर शिंपले विकू?"

"काल चहा कुणी केला?"

"मीच. आणि चाखलासुद्धा. मिस्टर पेल आल्यापासून मी सुरई चाखल्याशिवाय पाठवत नाही. नटांना थट्टा सुचते, आणि ही थट्टा त्यांच्या जिवावर बेतायची. मध्यंतरात ट्रे आत नेऊन ठेवला तेव्हा तो चहाच होता."

"त्यानंतर ट्रेजवळ कोण गेलं?"

"कोण जाणार? पडदा वर गेल्यावर तुम्हीच तिघं होतात तिथे. तुम्ही, मिस्टर पेल आणि तो थ्रिप." थ्रिपचं नाव घेताना डोरिसने नाक मुरडलं. "त्याची नजर पहिल्यापासून त्या खुर्चीवर आहे. काल रात्री अशी ऐटीत बसली होती स्वारी, जणू बापजाद्यांची इस्टेट."

"आणि पडदा पडल्यावर?"

"तेव्हा तर गोंधळच. तुम्ही पडद्याबाहेर लोकांची माफी मागायला गेलात. थ्रिप डॉक्टरला फोन करायला पळाला. मी पाणी आणायला धावले. परत येते तर क्रिचलीसाहेब सुरईला नाक लावून उभे."

"म्हणजे अँब्रोजजवळ कुणीच नव्हतं?"

"एकटेच होते बिचारे. मला तेच खातंय. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये." डोरिसने डोळे पुसले. "मिस विनी, तो थ्रिपच आहे बघा. पण एक कळत नाही. त्याच सुरईतली त्यानेही प्यायली की. नाटकातल्या डॉक्टरलाही ग्लास भरून देतात ना त्या प्रवेशात?"

विनिफ्रेडचा कप ओठापाशी थांबला. खरंच की. सुरई एक, पिणारे दोन. मग एकालाच कशी चढली?

३

लायनेल थ्रिप आपल्या खोलीत बूट पुसत होता. त्याने वर पाहिलंही नाही.

"या, मिस पार्फिट. बेड्या आणल्यात? डाव्या मनगटाला सांभाळून, तिथे वात आहे."

"लायनेल, काल तुझ्या ग्लासात काय होतं?"

"चहा."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? डोरिसचा चहा. गार, कडू, नळाच्या पाण्यासारखा निर्जीव. रोज पितो तोच. कालच क्रिचलीला सांगितलं. तो म्हणाला, 'चहाने माणूस झिंगतो होय रे?' म्हणजे मी खोटारडा. गेटवरचा म्हातारासुद्धा आज माझ्याशी बोलला नाही."

"तू खोटं बोलत असशील तर खूप वाईट बोलतोयस," विनिफ्रेड म्हणाली. "'मलाही वास आला, मी घाबरून गप्प बसलो,' असं म्हटलं असतंस तर सुटला असतास."

"तेवढी अक्कल असती तर आयुष्यभर बदली नट राहिलो असतो का?" लायनेलने बूट खाली ठेवला. "हे बघ विनी. तो कप्तान झाला त्या सिनेमात मी होतो. तिसरा खलाशी. पहिल्याच लाटेत बुडालो. तेव्हापासून मी त्याच्यामागे बुडतोच आहे. मला त्याची खुर्ची हवी होती, नाही म्हणत नाही. पण अशी नको. तो म्हातारपणी झोपेत सुखाने मेला असता, मी त्याच्या मयताला रडलो असतो, आणि मग खुर्चीत बसलो असतो. तशी हवी होती."

विनिफ्रेडला हसू आलं.

"आणि खरं सांगू?" तो हळू म्हणाला. "काल रात्री टाळ्या पडल्या, आणि मी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. मन लागेना. दुपारी मी दाराबाहेर उभा होतो ना, ते डोळ्यांपुढे येत होतं. 'आत या, डॉक्टर' हे त्याचं वाक्य आलं की मी शिरायचं. वाक्य येईना. फटीतून पाहिलं तर तो दाराकडे असा बघत होता, जणू ते दार त्याने कधी पाहिलंच नाही. मग तू काहीतरी बोललीस आणि मी आत आलो."

"मी बोलले?"

"तू म्हणालीस, 'अहो, दारात कुणीतरी उभं आहे वाटतं.' नाटकात नाही ते वाक्य. छान सावरलंस."

विनिफ्रेड भिंतीला टेकली. ती हे बोलली होती आणि विसरूनही गेली होती. रंगमंचावर जोडीदार अडखळला की त्याला सावरायचं, आणि सावरलं की ते मनातून पुसून टाकायचं, हीच तर आयुष्यभराची सवय. दुसऱ्याची चूक लक्षात ठेवणाऱ्या नटाबरोबर कुणी काम करत नाही. त्या सवयीपायी सगळ्यात मोठा पुरावा तिने स्वतःच झाकला होता.

डॉक्टर आत आल्यावर सुरई उघडते. अँब्रोज अडखळला होता तो त्याआधी, एक थेंबही ओठाला लागण्याआधी.

आणि आता आठवायला लागलं तसं आणखी आठवत गेलं. गेल्या आठवड्यात तिने त्याला असंच एकदा सावरलं होतं. त्याच्या आधीच्या शनिवारीही.

४

समुद्राकडे तोंड केलेल्या खाणावळीत अँब्रोजची खोली होती. तो खिडकीत बसला होता. पुढ्यातला तळलेला मासा तसाच गार झालेला.

"खाल्लं नाहीस?"

"भूक नाही. काय म्हणते मिस पार्फिट? सापडला चोर?"

विनिफ्रेडने खुर्ची ओढली.

"अँब्रोज, मी या थिएटरात नवीन होते तेव्हा मला एका दारुड्या बाईचं काम मिळालं होतं. आठवतं?"

त्याचा चेहरा उजळला. "आठवतं म्हणजे! तू वादळातल्या होडीसारखी डोलत होतीस."

"मग तू मला बाजूला घेऊन काय सांगितलंस?"

"की झोकांड्या खातो तो नवखा नट. खरा दारुडा आपण सरळ चालतोय हे दाखवायची धडपड करतो. पाय मोजून टाकतो, पेला दोन्ही हातांनी..." बोलता बोलता तो थांबला.

"काल तू झोकांड्या खाल्लास," विनिफ्रेड म्हणाली. "माडीवरच्या शेवटच्या रांगेला दिसतील अशा. टेबलावरही आपटलास. पिणं म्हणजे काय हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी तू नवख्या पोरासारखा प्यायलास."

"चढली होती, विनी."

"मिशी नाही चढली तुझी."

त्याने नकळत ओठावरून बोट फिरवलं.

"आपण मिशी कशाने चिकटवतो? स्पिरिटच्या डिंकाने. काढतो कशाने? स्पिरिटने. दारू लागली की तो डिंक विरघळतो. तुझ्या पिण्याच्या दिवसांत दुसऱ्या अंकानंतर तुझी मिशी ओठावर लोंबायची आणि मी पदोपदी तुला खुणा करायची. काल अख्खा ग्लास व्हिस्की पोटात गेली म्हणतोस. मग ती मिशी काढताना माझी बोटं का दुखली? तुझ्या ओठाला काल चहाशिवाय काही लागलं नाही. लायनेलच्याही नाही. पडदा पडेपर्यंत सुरईत चहाच होता. व्हिस्की आली ती नंतर, सगळे पळापळ करत असताना. तेव्हा तिथे एकच माणूस होता."

अँब्रोजने डोळे मिटले. त्याचे ओठ हलले, पण वाक्य येईना.

"कधीपासून होतंय हे?" तिने विचारलं. आता तिच्या आवाजात मिस पार्फिट नव्हती.

"थंडीपासून. आधी नावं गेली. मग वाक्यं. विनी, मी शेकडो नाटकं या डोक्यात ठेवली. हाक मारली की वाक्य दारात हजर. आता दार उघडतो, तर घरात कुणीच नाही. नुसती रिकामी खोली." त्याने थंड माशाची ताटली दूर सारली. "पहिलं वाक्य गेलं त्या रात्री जाऊन एक चपटी बाटली घेतली आणि न्यायाधीशाच्या कोटात ठेवली. छत्री ठेवावी तशी. पाऊस आलाच तर असावी म्हणून."

"पण दारूच का?"

"कारण दारुड्याला आपली माणसं माफ करतात! हसतात, त्याच्या गोष्टी सांगतात. 'पेल पुन्हा पिऊन आला, पण काय नट आहे!' सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. मी स्वतः पाहिलंय. पण जो विसरतो ना, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि मग फोन कधीच वाजत नाही. मला वाटलं, दारुडा म्हणून गेलो तर निदान नट म्हणून जाईन."

"आणि डोरिस?"

तो गोंधळला. "डोरिसचं काय? हॉरेस रागात बोलला, रात्रीत निवळला असेल."

"निवळला नाही. आज चहाच्या वेळी क्रिचली तिला काढतोय. आणि लायनेलशी कुणी बोलत नाही."

"पण का?" अँब्रोज उभाच राहिला. "मी प्यायलो, मी! दारुडा मी आहे हे सगळ्या इंग्लंडला माहीत आहे! बाटली मीच आणली असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल!"

"तेच तर कुणाच्या मनात आलं नाही, वेड्या." विनिफ्रेडचे डोळे भरले. "क्रिचली, डोरिस, लायनेल, मी... सगळे तुझ्या घशात दारू ओतणारा शोधत फिरलो. तू स्वतःहून प्यायलास असं एकालाही वाटलं नाही. तुझा डाव चांगला होता. आमचा तुझ्यावरचा विश्वास तू हिशेबात धरला नाहीस, एवढंच चुकलं."

अँब्रोज हळूहळू खाली बसला. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर धरले.

"एक सांगू?" तो हातांआडून म्हणाला. "ती बाटली उघडली तेव्हा वास आला. सगळं अंग ओरडलं, एक घोट. कुणी बघत नव्हतं. उरलेला चहा मी रंगमंचावरच्या कुंडीत ओतला आणि बाटली सुरईत. थेंबही जिभेला लावला नाही. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं, विनी, आणि पाहायला एक प्रेक्षक नव्हता."

विनिफ्रेड उठली, त्याचा कोट आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"चहाची वेळ झालीय. मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर..."

"तर काय?"

"तर तो तुझा प्रवेश."

५

सगळे जमले होते. डोरिसने खरोखरच गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. लायनेल एकटाच कोपऱ्यात. क्रिचलीच्या हातात केकचा तुकडा, पण तो खात नव्हता.

"हं, मिस पार्फिट? नाव?"

दारातून उत्तर आलं. "अँब्रोज पेल."

तो आत आला. त्याने गाठोडं उचललं, डोरिसच्या कपाटापाशी नेऊन ठेवलं आणि मग तिच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बाटली, कुंडी, रिकामी खोली, सगळं. मध्ये एका जागी त्याला शब्द सापडेना. कुणीही घाई केली नाही. विनिफ्रेडनेही, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला सावरलं नाही. शब्द त्याचा त्याला सापडला.

"लायनेल," तो शेवटी म्हणाला, "तू खरं बोललास आणि माझ्यापायी खोटा ठरलास. माफ कर."

"करतो," लायनेल म्हणाला. "पण तो चहा निर्जीव आहे हे मात्र सगळ्यांसमोर कबूल कर."

"माझ्या चहाला नावं ठेवू नकोस, मेल्या," डोरिस म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. मग तिने अँब्रोजच्या कोटाचं सुटलेलं बटण पाहिलं आणि रडत रडतच सुई शोधायला लागली.

क्रिचली खिडकीकडे तोंड करून उभा होता. "न्यायाधीश तू करू शकणार नाहीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ती लांब भाषणं आहेत. पण मग डॉक्टर कोण करणार? माझ्याकडे डॉक्टरच नाही."

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

शनिवारी लंडनचे सिनेमावाले आले. अँब्रोजने पडदा उघडण्याआधी स्वतः जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सिनेमातलं काम दुसऱ्याला गेलं.

दुसऱ्या अंकात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला लायनेल थ्रिप दाराकडे पाहून म्हणाला, "आत या, डॉक्टर." दार उघडलं. अँब्रोज पेल आत आला आणि साऱ्या थिएटरने त्याला एवढ्या टाळ्या दिल्या की मांड्यांवरच्या कपबशा वाजल्या. टाळ्या थांबल्या. डॉक्टरचं वाक्य होतं. अँब्रोजने लायनेलकडे पाहिलं, आणि विनिफ्रेडला कळलं, खोली रिकामी आहे.

ती तोंड उघडणार, तोच लायनेल खुर्चीतून उठला. आयुष्यभर ज्या खुर्चीची वाट पाहिली ती सोडून तो चालत अँब्रोजपाशी आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला ठाऊक आहे डॉक्टर, तुम्ही काय म्हणणार. रात्र थंड आहे, आणि माझं दुखणं तुम्हाला आवडत नाही."

"रात्र थंड आहे," अँब्रोज त्या ओळखीच्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "आणि तुमचं दुखणं मला मुळीच आवडत नाही." आणि तिथून पुढचं सगळं त्याला आठवलं.

ग्लास भरले. अँब्रोजने एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले, आणि प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही पण विंगेत उभ्या असलेल्या डोरिसला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटला, "निर्जीव आहे."

विंगेतून दबलेल्या आवाजात उत्तर आलं, "मेल्या!"